मशीनचा मेंदू कोणाचा?

मंडळी, आज जरा यंत्रांबद्दल. घाबरू नका, गणित नाही आणि प्रोग्रॅमिंगही अगदी चवीपुरतंच आहे. पण इथे अमेरिकेत राहून जो थोडाफार इतिहास समजला, त्यातली ही गोष्ट बरेच दिवस सांगायची राहून गेली होती.

2009 चा उन्हाळा. 1 जूनला जनरल मोटर्सने दिवाळखोरीचा अर्ज केला आणि आमच्या मिशिगनमध्ये सुतकी कळा पसरली. माझी स्वतःची नोकरी जाता जाता वाचली होती. आमच्या घराजवळ एक छोटं मशीन शॉप आहे. मालक, तीन कामगार, सहा मशिनं. मालकाची आणि माझी ओळख मुलांच्या शाळेतली. एका शनिवारी त्याने मला बोलावलं आणि एका मिलिंग मशीनसमोर उभं केलं. पंचवीस वर्षांचं मशीन. लोखंड ठणठणीत, स्पिंडलचा आवाज स्वच्छ. पण बाजूच्या कपाटातला कंट्रोलर मेला होता. बनवणाऱ्या कंपनीचं उत्तर आलं होतं (नाव घेत नाही) की हे मॉडेल आता बंद झालंय, सुटे भाग मिळणार नाहीत, नवीन कंट्रोलर बसवून देतो. त्याची किंमत मशीनच्या किमतीपेक्षा जास्त!

"म्हणजे हे भंगारात घालू?" मालकाने विचारलं. त्याच्या प्रश्नात ते एक मशीन नव्हतं. त्यावर चालणारा एक माणूस होता. चाळीस वर्षं मशीन चालवलेला म्हातारा मशिनिस्ट. मशीन गेलं की त्याचंही काम गेलं.

मला आठवलं ते भोसरी. माझी पहिली नोकरी तिथे एमआयडीसीत होती. आमचे मेस्त्री स्कूटरपासून पाण्याच्या पंपापर्यंत काय वाटेल ते उघडून दुरुस्त करायचे. पण सीएनसी मशीनच्या त्या करड्या पेटीला कोणी हात लावत नसे. ती बंद पडली की मुंबईहून माणूस येईपर्यंत हात जोडून बसायचं. पेटी आपल्याच कारखान्यात, पैसे आपणच मोजलेले, पण आत काय चाललंय ते विचारायचा अधिकार आपला नाही. हे असं का, हा प्रश्न तेव्हा पडला नव्हता. त्याचं उत्तर मला पुढे मिशिगनमध्ये मिळालं. आणि गंमत म्हणजे ती पेटी जन्मालाही काहीशी इथलीच.

मिशिगनच्या उत्तर भागात ट्रॅव्हर्स सिटी नावाचं टुमदार गाव आहे. चेरीसाठी प्रसिद्ध. तिथे जॉन पार्सन्स नावाचा गृहस्थ हेलिकॉप्टरची पाती बनवायचा. पात्याच्या वक्राकार कडेचा साचा अचूक कापणं हे मोठं जिकिरीचं काम. त्याचा इंजिनिअर फ्रँक स्टुलेन याने पंचकार्डाच्या आयबीएम यंत्रावर त्या वक्रावरचे दोनशे बिंदू काढले. मग मिलिंग मशीनवर त्यांनी जे केलं ते ऐकून हसू येईल. एक जण तक्त्यावरून आकडे मोठ्याने वाचायचा आणि दोन कामगार दोन दांडे फिरवायचे, एक आडव्या दिशेचा, दुसरा उभ्या. आपल्याकडे पाढे म्हणतात तसं!

आकडे वाचणारा माणूस काढून तिथे कार्डाचं यंत्र आणि दांड्यांवर मोटारी बसवल्या तर? इथून न्यूमरिकल कंट्रोलची कल्पना निघाली. 1949 मध्ये अमेरिकन हवाईदलाने पार्सन्सला त्यासाठी पैसे दिले. मोटारींच्या नियंत्रणासाठी तो एमआयटीच्या सर्वोमेकॅनिझम प्रयोगशाळेकडे गेला (बॉस्टनजवळच्या, पौड रोडवरच्या नव्हे). पुढे काम हळूहळू एमआयटीच्याच हातात गेलं आणि पार्सन्स बाजूला पडला. 1952 मध्ये एमआयटीने सिनसिनाटी हायड्रोटेल मिलिंग मशीन छिद्रांच्या कागदी पट्टीवर चालवून दाखवलं. व्हॅक्यूम ट्यूब आणि रिले भरलेली भलीमोठी कपाटं शेजारी उभी होती. पार्सन्सला पेटंट मिळालं 1958 मध्ये, आणि त्याला व स्टुलेनला अमेरिकेचं राष्ट्रीय तंत्रज्ञान पदक मिळालं थेट 1985 मध्ये.

आता एक उपकथा, कारण मुद्दा तिथेच आहे. त्याच सुमारास, म्हणजे 1940 च्या दशकाच्या अखेरीस, जनरल इलेक्ट्रिकमध्ये दुसरी एक पद्धत करून पाहिली होती. कुशल कामगाराने पहिला जॉब स्वतःच्या हाताने करायचा, त्याच्या हालचाली टेपवर नोंदवायच्या आणि पुढचे जॉब मशीनने टेप ऐकून करायचे. त्यात ज्ञान कामगाराचंच राहायचं. ती पद्धत मागे पडली. डेव्हिड नोबल या इतिहासकाराने 1984 मध्ये 'फोर्सेस ऑफ प्रॉडक्शन' या पुस्तकात असं मांडलं की हा निर्णय निव्वळ तांत्रिक नव्हता. कामाचा ताबा कारखान्यातल्या माणसाकडून काढून ऑफिसातल्या माणसाकडे द्यायचा होता, म्हणून आकड्यांची पद्धत निवडली गेली. मला नोबल सगळाच पटतो असं नाही. हेलिकॉप्टरच्या पात्याचा वक्र हाताने कापून टेप कशी करणार? पण करड्या पेटीपुढे हात जोडून बसलेले आमचे मेस्त्री आठवले की वाटतं, माणूस अगदीच चुकीचं बोलत नव्हता.

पुढे 1970 च्या दशकात मायक्रोप्रोसेसर आले, कपाटं लहान झाली आणि पेट्या बंद झाल्या. मशीनला द्यायच्या आज्ञांची भाषा, जिला सगळे जी-कोड म्हणतात, तिचं 1980 च्या सुमारास प्रमाणीकरण झालं. पण प्रत्येक कंपनीने त्यात आपापला मसाला घातलाच. लोखंड चाळीस-पन्नास वर्षं टिकतं, इलेक्ट्रॉनिक्स त्याच्या निम्मंही नाही. म्हणजे आयुष्यात एकदा-दोनदा मशीनचा मेंदू मरणार आणि तो फक्त एकाच दुकानात मिळणार. धंदा म्हणून उत्तम!

या पेटीला पहिली फट पाडली ती कोणा बंडखोराने नाही, चक्क सरकारी खात्याने. मेरीलँडमधल्या गेथर्सबर्गला अमेरिकन सरकारची मोजमापं आणि मानकं ठरवणारी संस्था आहे, निस्ट. मशीन कंट्रोलरचे भाग एकमेकांशी कसे जोडावेत याचं मानक करायचं, तर चाचणीला एक कंट्रोलर हवा. म्हणून 1990 च्या दशकात त्यांनी स्वतःच एक लिहिला. त्याचं नाव एनहान्स्ड मशीन कंट्रोलर, थोडक्यात ईएमसी. सुरुवातीला जनरल मोटर्सने आधार दिला आणि एका मोठ्या मिलिंग मशीनवर तो चालवून पाहिला. तेव्हा तो विंडोज एनटीवर, महागड्या कार्डांसह चालायचा.

इथे अमेरिकन कायद्यातली एक छान तरतूद कामाला आली. केंद्र सरकारच्या नोकरांनी नोकरीचा भाग म्हणून केलेल्या कामावर अमेरिकेत कॉपीराइट नसतो. ते जनतेचं. त्यामुळे ईएमसीचा सगळा सोर्स कोड उघडा होता. मॅट शेव्हर नावाच्या माणसाच्या तो नजरेस पडला. मेलेले कंट्रोलर बदलायला हाच का वापरू नये, असं त्याने निस्टच्या फ्रेड प्रॉक्टर यांना विचारलं. दोघांनी मिळून महागडं एनटी काढून टाकलं आणि त्या जागी लिनक्स घातलं.

पण साधं लिनक्स इथे चालत नाही. मशीनच्या मोटारींना सेकंदाला हजार वेळा, ठरल्या क्षणी, आज्ञा मिळावी लागते. संगणक 'थांब जरा, हार्ड डिस्कवर लिहितोय' म्हणाला की टूल जॉबमध्ये घुसलंच! यावर न्यू मेक्सिको टेकच्या व्हिक्टर योडायकेन आणि मायकेल बाराबानोव्ह यांनी नामी युक्ती काढली होती. खाली एक छोटं, शिस्तबद्ध कर्नल ठेवायचं आणि अख्खं लिनक्स त्याच्यावर सगळ्यात कमी महत्त्वाचं काम म्हणून चालवायचं. हे आरटीलिनक्स. त्यापाठोपाठ मिलानच्या पॉलिटेक्निकमधून आरटीएआय आलं.

झालं, पेटी उघडली. पण आत शिरणं सोपं नव्हतं. कर्नलला ठिगळ लावा, मग योग्य आवृत्तीचा कंपायलर शोधा, मग ईएमसी कंपाइल करा. एकाही गोष्टीची आवृत्ती जुळली नाही की सगळं मुसळ केरात. शेवटी पॉल कॉर्नर यांनी सगळं एका सीडीवर आयतं भरून दिलं. सीडीचं नाव 'ब्रेन डेड इन्स्टॉल', म्हणजे डोकं घरी ठेवून या!

तरी एक अडचण उरलीच. प्रत्येक मशीन वेगळं. कोणाला टूल बदलायचा फिरता पाळणा, कोणाला दोन गिअरचा स्पिंडल, कोणाला विचित्र स्विच. असं काहीही जोडायचं तर मूळ प्रोग्रॅममध्ये हात घालून सगळं पुन्हा कंपाइल करावं लागे. पेटी उघडी खरी, पण आत हात घालायला सर्जनच हवा.

तो प्रश्न जॉन कसुनिक यांनी सोडवला. त्यांनी हार्डवेअर ॲबस्ट्रॅक्शन लेयर, संक्षेपाने हॅल, लिहिला. (मराठीत 'हाल' वाचू नये, हाल आधीचे होते.) कल्पना सरळ इलेक्ट्रॉनिक्सच्या टेबलावरून उचललेली. आपण आयसी आणतो, त्याला पिना असतात, पिनांना वायरी जोडतो. हॅलमध्ये आयसीच्या जागी सॉफ्टवेअरचा छोटा तुकडा, म्हणजे कंपोनंट. त्याला पिना. पिना जोडणाऱ्या वायरीला सिग्नल म्हणायचं. मापायला मीटर आणि ऑसिलोस्कोपसुद्धा सॉफ्टवेअरचेच. मशीन बदललं की मूळ प्रोग्रॅम तसाच, फक्त वायरिंगची फाइल वेगळी. यावर ईएमसी-2 उभं राहिलं आणि 2006 मध्ये त्याची पहिली पक्की आवृत्ती आली.

आणि हवा तो कंपोनंट बाजारात नसला तर? घरी करायचा! त्यासाठी जेफ एपलर यांनी 'कॉम्प' नावाचं हत्यार लिहिलं. आज त्यालाच 'हालकंपाइल' म्हणतात. एक साधी फाइल लिहायची. वरच्या भागात कंपोनंटचं नाव, त्याचं एका वाक्यात वर्णन, आत येणाऱ्या पिना, बाहेर जाणाऱ्या पिना आणि लायसन्स. मग एका ओळीत फक्त दोन अर्धविराम. त्यांच्या खाली सी भाषेत प्रत्यक्ष काम. बाकी कर्नलची सगळी कटकट ते हत्यार स्वतः लिहितं, कंपाइल करतं आणि जागच्या जागी इन्स्टॉल करतं. वरच्या भागातल्या वर्णनातून माहितीपत्रकही आपोआप तयार होतं. लायसन्सची ओळ विसरलात तर मात्र ते सरळ नकार देतं. एवढ्याशा फाइललाही 'तू कोणाची?' हा प्रश्न चुकत नाही, हे मला फार आवडतं.

आता परत आमच्या मिलिंग मशीनकडे. एक जुना पीसी, मोटारींच्या ड्राइव्हशी बोलणारं एक मेसाचं कार्ड, ईएमसी-2 ची सीडी आणि माझे सहा-सात शनिवार. इमर्जन्सी स्टॉपचं लाल बटण मात्र सॉफ्टवेअरवर सोडलं नाही, त्याची वायर सरळ वीज तोडणाऱ्या कॉन्टॅक्टरला. मशीन चालू झालं. मालक खूश. म्हातारा मात्र मान हलवत उभा.

"तेल चुकतंय," तो म्हणाला.

मशीनच्या स्लाइड्सना तेल देणारा पंप असतो. जुन्या कंट्रोलरमध्ये तो दर वीस मिनिटांनी चालायचा आणि मीही तसाच टायमर लावला होता. म्हातारा म्हणाला, हे पहिल्यापासूनच चूक होतं. मोठा जॉब असला की टेबल वीस मिनिटांत शेकडो फूट पळतं आणि कोरडं पडतं. बारीक काम असलं की जागेवरच असतं आणि तेल नुसतं खाली सांडतं. तो इतकी वर्षं आवाज ऐकून, मध्येच स्वतः दांडा ओढून तेल द्यायचा. त्याचा नियम साधा होता. तेल वेळेवर नाही, अंतरावर द्यायचं.

चाळीस वर्षांचं ज्ञान एका वाक्यात! आणि कंट्रोलर बनवणाऱ्या कंपनीत ते वाक्य ऐकायला एकही कान नव्हता. मी घरी जाऊन फाइल लिहायला बसलो. आत येणाऱ्या पिना चार: तिन्ही अक्षांचे वेग आणि तेलाच्या दाबाचा स्विच. बाहेर जाणाऱ्या दोन: पंप आणि धोक्याचा दिवा. ठरवायच्या गोष्टी दोन: किती अंतरानंतर आणि किती सेकंद. खालचं काम म्हणजे दर फेरीत वेग गुणिले वेळ करून अंतर साठवायचं, मर्यादा ओलांडली की पंप लावायचा आणि साठा शून्य करायचा. पंप चालूनही दाब आला नाही तर दिवा लावायचा आणि प्रोग्रॅम थांबवायचा. सगळं मिळून तीसेक ओळी.

कंपाइल झालं, इन्स्टॉल झालं, वायरिंगच्या फाइलमध्ये पिना जोडल्या. शनिवारी ऐटीत मशीन चालू केलं. पंप ढिम्म! अर्धा तास वायरी तपासल्या, रिले बदलला. म्हातारा तोपर्यंत शांतपणे हाताने तेल देत होता. मग मीटर लावून पाहिलं तर आत वेगाचे आकडे व्यवस्थित येत होते, पण अंतर शून्यावरच. मी कंपोनंट भरला होता, पिना जोडल्या होत्या, पण दर मिलिसेकंदाला फिरणाऱ्या कामांच्या यादीत त्याचं नाव घातलंच नव्हतं! हॅल अशा वेळी तक्रार करत नाही. हजेरीपटावर नाव नसलेल्या मुलासारखा कंपोनंट वर्गात बसून राहतो, त्याला कोणी विचारत नाही. एक ओळ घातली आणि पंप घुर्रर्र करून चालू झाला.

म्हाताऱ्याने डोळे मिटून थोडा वेळ आवाज ऐकला. "अंतर थोडं कमी कर," एवढंच म्हणाला. मी आकडा बदलला. पुन्हा कंपाइल करायची गरज नव्हती.

या स्वातंत्र्याची किंमतही सांगायला हवी. तेव्हाचे हे कंपोनंट थेट कर्नलच्या पोटात चालायचे. एका चुकीच्या लूपने अख्खा संगणक जागच्या जागी गोठायचा, आणि तेव्हा समोर स्पिंडल फिरत असायचा. सॉफ्टवेअरची आवृत्ती बदलली की घरचे कंपोनंट पुन्हा कंपाइल करावे लागत. बंद पेटीत निदान शिव्या घालायला दुसरं कोणीतरी असतं. इथे चूक आपली, रात्रीची झोपही आपलीच जाणार.

पुढचा इतिहास थोडक्यात. 2011 मध्ये ईएमसी कॉर्पोरेशन या डेटा साठवणुकीची यंत्रं विकणाऱ्या कंपनीने नावाच्या ट्रेडमार्कवर बोट ठेवलं, म्हणून प्रकल्पाचं नाव लिनक्ससीएनसी झालं. नाव सोडलं, काम सोडलं नाही. ती कंपनी 2016 मध्ये डेलने विकत घेतली. प्रकल्प आजही आपल्या पायांवर चालू आहे. आता वेगळं ठिगळ लावलेलं कर्नलही सक्तीचं राहिलं नाही. कंपोनंट साध्या प्रोग्रॅमसारखे, कर्नलच्या बाहेर चालू शकतात. लिनक्सची रिअल-टाइम सोय वीसेक वर्षांच्या खटपटीनंतर 2024 मध्ये मूळ कर्नलमध्येच आली.

आमचं मशीनही चालू आहे. त्याचा पीसी मध्यंतरी दोनदा बदलला. दोन्ही वेळा तीच तीस ओळींची फाइल पेन ड्राइव्हवरून आणून पुन्हा कंपाइल केली, दहा मिनिटांचं काम. म्हातारेबुवा त्यानंतर सहा वर्षं त्या मशीनवर होते, मग स्वतःच्या मर्जीने निवृत्त झाले. फाइलमधल्या वर्णनाच्या वाक्यात मी त्यांचाच नियम लिहिलाय, त्यामुळे माहितीपत्रकातही तोच छापला जातो.

गेल्या वर्षी सहज दुकानात गेलो होतो. पंपाचा आवाज वेगळा वाटला म्हणून विचारलं. मालकाचा मुलगा म्हणाला, जुना पंप गेला, नवीन बसवलाय. तो जास्त तेल ओढतो म्हणून सेकंद कमी केले, आणि टाकीतलं तेल संपत आलं की कळावं म्हणून फाइलमध्ये आणखी एक पिन वाढवली. हा मुलगा प्रोग्रॅमर नाही. वरच्या ओळी बघून तशीच एक लिहिली, म्हणे, आणि चालली.

मला विचारलंसुद्धा नव्हतं त्याने. विचारायची गरजच नव्हती. भोसरीच्या आमच्या मेस्त्रींना ही फाइल दाखवायला हवी होती असं त्या दिवशी फार वाटलं.

असो.